काढून टाकलेली गोणपाटं

पुण्यात मी अजून टिकून आहे ती कांबळे डॉक्टरबाईंमुळे. आज खडकीत वाण्याच्या दारात ओल्या गोणपाटाचा वास आला आणि तो दिवस आठवला.

सातवीत शाळा सोडलेली मी, गोंदियाहून येऊन वाघोलीपुढच्या एका डुकरांच्या शेडवर कामाला लागले होते. जनावरं कशी ठेवलीत ते तपासायला डॉक्टरबाई येणार होत्या. मालक म्हणाले, "काही वाईट निघालं तर गावी जायचं." भीतीनं मी सकाळीच फरशी घासली, आणि डुकरांना चघळायला मीच टांगलेली गोणपाटं घाण दिसतात म्हणून काढून टाकली.

चघळायला काही उरलं नाही, तशी दुपारपर्यंत ती एकमेकांच्या शेपट्या चावू लागली. एकाची शेपटी रक्ताळली, तेवढ्यात बाई दारात.

वरून लोंबणाऱ्या रिकाम्या दोऱ्या बघून त्यांनी विचारलं, "या दोऱ्यांना काय बांधलं होतं?"

"गोणपाटं, मॅडम. मीच काढली."

"हिला आजच गावी धाडतो," मालक म्हणाले.

बाई आत येऊन डुकरांकडे बघू लागल्या. डुकरं येऊन माझे पाय हुंगू लागली, एक तर टेकूनच बसलं.

"हिला घाबरत नाहीत ती. गोणपाटं टांगायचं हिला सुचलं, तुम्हाला नाही. हिला धाडून इथं कोण राहणार, तुम्ही?"

मला जी घाण वाटली, तेच माझं चांगलं काम होतं. बाई, कधीतरी माझं स्वतःचं शेड होईल. तपासायला पहिलं तुम्हालाच बोलवीन, आणि त्या दिवशी एकही गोणपाट काढणार नाही.