स्वल्प नुकसान

संकटग्रस्तांची विचारपूस करणे हे सुशिक्षित माणसाचे कर्तव्य आहे. बेंगळुरात मी ते बजावले, कारण त्या दिवशी म्हैसूरच्या गाडीचे तिकीट मिळाले नाही.

माझे यजमान अमृतराव तिथल्याच जुन्या मराठी घराण्यातले. आनेकलजवळच्या गावात केरे (तलाव) फुटून पाणी शिरले होते. तिथे राहणाऱ्या बहिणीकडे ते निघाले, मीही निघालो. बसमध्ये त्यांनी मला वर्तमानपत्र दाखवले. शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या : आनेकलनजीक पाणी, नुकसान थोडे.

गावात उतरलो तेव्हा अर्धी गल्ली जागेवर नव्हती. उरलेल्या एका भिंतीच्या आडोशाला अमृतरावांच्या बहिणीने, कृष्णाक्कांनी, चूल मांडली होती. त्यांनी मला मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) वाढला. तो गिळायचा असतो. मी चावत बसलो आणि तोंड उघडेनासे झाले. विचारपूस लांबली.

शेवटी बातमीचे विचारले.

“आला होता की बातमीदार,” अक्का म्हणाल्या. “नुकसान किती म्हणाला. मी म्हटलं, स्वल्प.”

“आणि हे घर गेलं ते?” मी विचारले.

“दारात आलेल्या माणसापुढं रडत बसायचं काय, अण्णा?”

स्वल्प म्हणजे कन्नडात थोडे, आणि इथली सभ्य माणसे कशालाही स्वल्पच म्हणतात. बातमीदाराने शब्दाला शब्द ठेवून छापले. ते वाचून सरकारी कचेरीने मदतीची गरज नसल्याचे ठरवले. आता पुढच्या पावसाआधी तलावाच्या बांधाचे खिंडार बुजले नाही, तर उरलेली अर्धी गल्लीही जाणार होती. सारा गाव रांगेने मातीच्या पाट्या पुढे देत होता. मीही उभा राहिलो. तिसरी पाटी माझ्याच पायावर पडली, तेव्हा मला दगड वेचायला बसवले.

दुपारी ढग भरून आले आणि पाठोपाठ एक मंत्री आले. ते पलीकडच्या गावी वाचनालयाचे उद्घाटन करायला निघाले होते. मोटार चिखलात रुतली. मागच्या मोटारीत तोच बातमीदार होता. मंत्र्यांचे चिटणीस बांधावर आले आणि सर्वांनी ताबडतोब मोटार ढकलावी म्हणाले.

अक्कांनी आभाळाकडे पाहिले, पाटी पुढच्या हातात दिली आणि अदबीने म्हणाल्या, “सरी (बरं), साहेब. स्वल्प थांबा.”

मंत्रिमहोदय दोन तास थांबले. खिंडार बुजले, मग साऱ्या गावाने मोटार ढकलून दिली. संध्याकाळी पाऊस कोसळला. बांधाने तो सोसला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत वर्तमानपत्र घेतले. पहिल्या पानावर मथळा होता : ‘पूरग्रस्तांसमवेत मंत्र्यांचे दोन तास’. बांधाचा उल्लेख नव्हता. छायाचित्रात चिखलात रुतलेल्या मोटारीचा क्रमांक मात्र स्पष्ट वाचता येत होता.