नियम सातमधलं ‘मुलास’

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तिघांच्या निवड समितीत त्यांनी मला घेतलं. पस्तावले असतील.

हे मंडळ रत्नागिरीच्या एका खाडीकाठच्या गावातून अमिरातीत आलेल्या लोकांचं. मुंबईच्या एका कॉलेजात वकिलीच्या वर्गातली एक जागा दरवर्षी मंडळासाठी राखलेली असते. आमच्या घटनेतला नियम सात सांगतो : ‘सभासदाच्या मुलास ही जागा द्यावी.’ आजवर ती मुलग्यांनाच गेली, कारण मुलीसाठी कुणी मागितलीच नव्हती. यंदा अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वेल्डरनं मुलीसाठी अर्ज टाकला. मुलगी गावी असते, गुण सगळ्यांत जास्त. जागा मिळाली तर वकिली, नाही तर मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलेलं. दुसरा अर्ज चाचांच्या नातवाचा, त्याचा बापही सभासद. चाचा म्हणजे मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद, उभा जन्म एका गोदामात स्टोअरकीपर. मंडळाची घटना त्यांच्याच हातची.

आता ‘मुलास’ म्हणजे कोणास? मूल धरलं तर मुलगीही आली. मुलगा धरला तर खलास, पोरीचा अर्ज बाद.

घरी येऊन मी लेकीसमोर तोफ डागली. म्हटलं, मी त्या पोरीलाच मत देणार, बघू कोण अडवतो! लेक इथंच वाढलेली, युनिव्हर्सिटीत अमेरिकेची राज्यघटना शिकते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते.

“मम्मी, यू डिसायडेड फर्स्ट. नाऊ यू आर लुकिंग फॉर रीझन्स.”

“मग तुझ्या त्या अमेरिकन सुप्रीम कोर्टातले नऊ न्यायाधीश काय वेगळं करतात गं?”

“समटाइम्स, द सेम थिंग,” ती हसली. पण मग पुस्तक घेऊन बसली आणि मला शिकवू लागली. कुणी न्यायाधीश म्हणतो, शब्द लिहिला तेव्हा लोकांनी त्याचा जो अर्थ घेतला तोच खरा. कुणी म्हणतो, नियम कशासाठी केला ते बघा. ज्याचं पटत नाही तोही आपली कारणं निकालासोबत लिहून ठेवतो. झेंडा जाळणाऱ्या माणसाचा एका न्यायाधीशाला मनापासून तिटकारा होता, तरी बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेत लिहिलंय म्हणून त्यानं त्याच माणसाच्या बाजूनं मत दिलं. मी ऐकतच राहिले. आपल्याकडे तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

रविवारी दुपारी दुबईत, ऊद मेथातल्या एका शाळेच्या वर्गात समिती बसली. मुलीचे वडील कंपनीच्या कपड्यांतच दोन बस बदलून आले होते. दाराजवळच्या बाकावर बसले. समितीतल्या एका भाईंचं मत मुलीला. दुसऱ्या भाईंनी नियम अकरा काढला : ‘सभासदाचा मुलगा वा मुलगी यांच्या लग्नास मंडळाची भांडी द्यावीत.’ म्हणाले, “दोघं पाहिजेत तिथं चाचांनी दोघं लिहिलेत. इथं नाही लिहिलं. मग?” मला राग आला, पण मुद्दा बिनतोड होता, खोटं कशाला बोलू. एक विरुद्ध एक झालं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

अमेरिकेतल्या न्यायाधीशांचं बरं आहे, त्यांचे घटनाकार कधीच वारले. आमचे घटनाकार समोर बसून सुलेमानी चहा पीत होते. मी म्हटलं, “चाचा, तुम्हीच सांगा. लिहिताना मनात काय होतं?”

विचारलं आणि जीभ चावली. त्यांचाच नातू! आता ते काय सांगणार, हे शेंबडं पोरही ओळखेल.

चाचांनी कप खाली ठेवला. “खरं सांगतो, आपा. मनात मुलगाच होता. तेव्हा मुलीचा विचारसुद्धा आला नव्हता.”

दाराजवळ वेल्डरनं पिशवी उचलली आणि तो जायला उठला.

“बस रे,” चाचा म्हणाले. “माझं झालं नाही. त्या सभेत मी नियम वाचला, लोकांनी हात वर केले. कशाला केले? कागदाला. माझं मन कुणी वाचलं नव्हतं. कागदावर ‘मुलास’ आहे. मुलगी मूल नाही काय?”

“आणि नियम अकरा?” दुसरे भाई म्हणाले.

“तिथं चार शब्द जास्त लिहिले, म्हणून इथले कमी होतात काय? मुलगाच पाहिजे होता तर ‘मुलग्यास’ लिहिता आलं असतं. मी नाही लिहिलं.”

माझे डोळे भरून आले, अगदी सर्वांसमोर. लेकीच्या जाड पुस्तकातलं जे ऐकून मी थक्क झाले होते, ते हा आठवी शिकलेला माणूस स्वतःच्या घरचं नुकसान करून सांगत होता. मी मुलीला मत दिलं. दुसऱ्या भाईंनी आपला विरोध कारणांसकट वहीत लिहिला. ते मी आवर्जून लिहायला लावलं.

मग चाचांनी तिथंच नातवाला फोन लावला. “जागा गेली, बाळा... नाही, कुणी फसवलं नाही. मीच घालवली.” पलीकडून काय आलं कोण जाणे.

तेवढ्यात वेल्डरचा फोन वाजला. मुलगीच होती. “अब्बा, काय झालं? अब्बा?” त्यानं फोन चाचांच्या हातात दिला.

“मिळाली,” चाचा म्हणाले.

“कोण बोलतंय?”

“ज्यानं तो नियम लिहिला, तो. नीट लिहिला होता, पोरी. आम्हालाच इतकी वर्षं वाचता आला नाही.”