लोकरीखालचा पत्रा

आमच्या वहिनी एका कारखान्याच्या नकाशाघरात तीस वर्षं नकाशे गिरवत होत्या. साहेबांची गणितं नकाशाच्या कडेलाच लिहिलेली असत. ती उतरवता उतरवता त्यांना कळू लागली. घरात हे कोणी कधी विचारलंच नाही. मीही नाही.

मी भट्ट्या बांधणारा गवंडी, आणि दादा माझ्याच एका भट्टीच्या तोंडाशी कामाला. आत बाराशे अंश, मग तापविटांचा थर, मग हलक्या विटांचा, आणि सगळ्यांना आवळून धरणारा पोलादी पत्रा. तो दीडशेच्या वर तापायचा, माणसांचे हात भाजायचे. म्हणून मी त्यावर बाहेरून उष्णता अडवणारी दोन इंच खनिज लोकर चढवली. चटका बराच कमी झाला. दादाने पाठ थोपटली, आणि रात्री जेवताना मी जरा मिरवलोच.

वहिनींचा घास हातातच राहिला. त्यांनी विटांची जाडी विचारली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहू लागल्या. दादा हसत म्हणाला, हिच्या हिशेबात आता माझ्यासारखी भट्टीही नापास होणार. वहिनी लिहिता लिहिता सांगू लागल्या, प्रत्येक थर उष्णतेला किती अडवतो ते काढायचं, बेरीज करायची, आणि बाराशेपासून बाहेरच्या हवेपर्यंतची तापमानाची उतरण त्याच प्रमाणात वाटून द्यायची. बाकी काही नाही.

मग पेन्सिल खाली ठेवली. "भावजी, तुमचा हात लागतो तो लोकरीला. पत्रा आता बाहेर राहिलाच नाही, आत गेलाय. सहाशे वीसच्या आसपास असेल. इतका तापला तर विटांचं ओझं पेलणार नाही."

दादाचं हसू मावळलं. सकाळची पाळी त्याचीच होती.

सकाळी दादाला भट्टीजवळ जाऊ न देता मी लोकरीला चीर दिली आणि तापमापकाची तार पत्र्याला टेकवली. आकडा सहाशे बारावर थांबला. पत्रा मध्यावर बोटभर फुगला होता.  भट्टी विझवून थंड केली, लोकर काढली, आणि हात लागू नयेत म्हणून पुढे जाळीचा कठडा बसवला.

आयुष्यभर मी भिंती बांधल्या, पण पेटत्या भिंतीच्या पोटात काय चाललंय ते कधी दिसलं नाही. वहिनी चटईवर बसल्या बसल्या तिथे जाऊन आल्या होत्या.

संध्याकाळी दादा उंबऱ्यातून आत आला. वहिनींनी त्याला नीट न्याहाळलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडून सहाशे बाराचा आकडा ऐकून विचारलं, मग आठ अंश कुठे गेले? पुन्हा कॅलेंडर काढलं. बऱ्याच वेळाने मान वर केली.

"तुमच्या विटांच्या सांध्यांतली माती हिशेबात धरायची राहिली होती."