पाच वॅटची ताकद

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईंना घरचेही रेडिओताईच म्हणत. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने हौसेने दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर आणला आणि एकेकच कागदी पडदा असलेल्या जुन्या स्पीकरांना जोडला. आवाज कानाला टोचू लागला.

"भावजी, हे स्पीकर हलके, यांना पाच वॅटही पुरतात," ताई म्हणाल्या.

"पाच वॅटने डास तरी हलेल का?"

ते अंघोळीला गेल्यावर ताईंनी कपाटात आपला छोटा, पाच वॅटचा, तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ठेवून सगळ्या तारा त्याला जोडल्या. मोठ्याचे नुसते दिवे चालू ठेवून गाणं लावलं.

भावजी आले आणि डोळे मिटून डोलू लागले. "याला म्हणतात ताकद."

"आता तो मोठा बंद करा बरं," ताई म्हणाल्या.

त्यांनी बंद केला. गाणं चालूच राहिलं. बहीण हसू दाबत भिंतीकडे वळली.

भावजींनी तारांच्या मागोमाग कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कपाट उघडा, बिचारा आत तापला असेल."