तवंदी घाटातलं एरंडेल

मंडळी, आज दुपारी तवंदी घाटात, आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी घेतलेली मोटार चढावर मागं सरकायला लागली.

तिच्या क्लचला चामड्याचं अस्तर असतं; नवं कुठं मिळेना, म्हणून निपाणीत चपला बनवणाऱ्या आप्पांकडून कापून घेतलं होतं. तेच जळत होतं. मागं भरलेला ट्रक. मी हँडब्रेक ओढून बसलेलो.

शेजारी बसलेले तेच आप्पा उतरले, चाकाला दगड लावला.

"चामड्याला तेल पाजलंस न्हाय व्हय रं?"

"तेलानं घसरंल की, आप्पा."

"कोरडं चामडंच जळतंय."

पायाखालची फळी काढून त्यांनी पिशवीतलं, चपलांना लावायचं एरंडेल आत क्लचच्या चामड्यावर सोडलं. गाडी चढली.

गाडीच्या हत्यारपेटीत आजोबांची एरंडेलाची बाटली होती. पोटासाठी असेल म्हणून मीच फेकली. तुमच्या हातून असं काय गेलंय?