जेवणार : दोन

कोकणात वाढलो तरी भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोणी असलं काही सांगू लागलं की त्याची फिरकी घेणारा मी पहिला. त्यामुळे तुम्ही हसलात तरी चालेल...

म्हसळ्याहून दिघीकडे येताना, खाडीच्या अलीकडे आमचं घर. 'घरगुती राहण्या-जेवण्याची सोय' ही पाटी अजून आहे. आई स्वयंपाक बघायची, मी कॉम्प्युटर. बुकिंगचं अ‍ॅप मीच लिहिलेलं. नोंदीत काही बदललं की आधी काय होतं, आता काय आहे, याची हिस्ट्री त्यात आपोआप साठते. हिस्ट्रीची ही सोय तयार मिळते, पण तिच्यात बदल करणाऱ्याचा नुसता नंबर यायचा. मी तिथे नाव आणलं, वर 'कारण' सक्तीचं केलं — रिकामं ठेवलं तर बदल सेव्हच होत नाही. हे सगळं आईमुळे. पाहुण्यांनी दोन जेवणं सांगितली की ही तीन करायची. कारण : 'ड्रायव्हर काय हवा खाणार?'

आई गेली. तिचं लॉगिन मी बंद केलं आणि सगळ्या खोल्या स्वतःच्या नावावर ब्लॉक केल्या. जेवणार : शून्य. बिस्किटांवर दिवस निघत होते. घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलावंसंही वाटत नव्हतं.

एका दुपारी अ‍ॅप उघडलं तर माझ्या नावापुढे जेवणार : एक. हिस्ट्री बघितली. बदल करणार : आई. कारण : 'हा घरातच आहे ना.'

लॉगिन बंदच होतं. कोड पुन्हा पुन्हा तपासला. आमच्याकडे मासे साफ करायला येणाऱ्या सुमनकाकींना आईचा जुना फोन दिला होता, म्हणून त्यांच्या घरी जाऊन विचारलं.

"त्यो कवाचा बंद पडलाय," काकी म्हणाल्या. "तू जेवलास का न्हाय, त्ये सांग आधी."

घरी येऊन रागारागाने मी पुन्हा शून्य केलं. कारण लिहिलं, 'एकट्यासाठी कोण रांधणार?'

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा दोन होता. बदल करणार : आई. कारणाचा रकाना रिकामा... तो रिकामा राहूच शकत नाही, तशी सोय मीच केलीय.

मग उठून दोघांचा भात लावला, वरण केलं, दोन पानं घेतली.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. कोडमध्ये चूक सापडलेली नाही. त्या दुपारी मी पोटभर जेवलो, एवढं खरं. समोरच्या पानावरचा भात मात्र तसाच राहिला, आणि तो बघून आई गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.