कुंकू लावल्यावर मिळणारं टोकन

काकूनं गाठीबद्दल फक्त मला सांगितलं, कारण मी फारशी बोलत नाही. दिवाळीनंतर एका दुपारी तिनं माझा हात धरून ब्लाउजवरूनच डाव्या छातीवर टेकवला. आत हरभऱ्याएवढं काहीतरी टणक होतं. "दुखत न्हाय," ती म्हणाली, म्हणजे विषय संपला.

मी तिच्या मागे लागले. इंदापूरला ज्या दवाखान्यात विचारलं तिथं छाती तपासायचं मशीन नव्हतं. बारामतीच्या एका दवाखान्यात होतं, तिथं गेलो. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "काय होतंय?" विचारलं आणि काकू म्हणाली, "गुडघा." मी शेजारी उभी होते. मीही खाली बघत राहिले. गुडघ्याच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

संक्रांतीनंतर गावातल्या बचत गटानं जाहीर केलं की तपासणीची गाडी येणार आहे. गाडीतच मशीन, डॉक्टर बाई आणि सगळं फुकट. बायकांनी यावं म्हणून त्यांनी ते हळदीकुंकवाला जोडलं. कल्पना हुशारीची होती, हे मी मान्य करते. फक्त माझे काका जाऊन सहा वर्षं झालीत, आणि गावात अशी काकू एकटी नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"हळदीकुंकवाला मी कशी येऊ?" काकू म्हणाली.

"तू तपासणीला ये."

"एकाच मांडवात हाय न्हवं?"

मी एकटीच मांडवात गेले. टेबलावर आधी हळदीकुंकू, मग वाणाचा प्लास्टिकचा डबा, मग तपासणीचं टोकन. त्याच क्रमानं. मलाही कुंकू लावलं, डबा दिला, आणि वय बसत नाही म्हणून टोकन तेवढं दिलं नाही. गटाच्या अध्यक्ष बाईंना मी मामी म्हणते. धीर करून म्हटलं, "मामी, काकूसाठी टोकन हवंय."

"आगं मग येऊ दे की! आमी कुठं न्हाय म्हणतोय? समद्या सवाष्णींचं झालं की घेऊ मागनं."

"त्यान्लाच वाईट वाटंल, म्हणून म्हणतोय," ताट धरलेली बाई म्हणाली.

गाडी चारला निघणार होती. तीन वाजले होते आणि सवाष्णींची रांग पार मांडवाबाहेर गेली होती. त्यातल्या निम्म्या जणी डबा घेऊन, टोकन पर्समध्ये टाकून सरळ घरी चालल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. गाडीकडे गेले.

डॉक्टर बाई माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. मराठीत तो शब्द माझ्या तोंडातून फुटेना. मग मी सगळं इंग्रजीत एका दमात सांगून टाकलं: गाठ, किती महिने, विधवा, कुंकू, टोकन. शाळेतली ती भाषा गावात बोलायची मला लाज वाटते. त्या दिवशी तिच्यात लाजच नव्हती. "मागच्या दारानं आणा," बाई म्हणाल्या. "टोकन राहू द्या."

घरी काकू तरीही उठेना. शेवटी आमची वादावादी ऐकून शेजारच्या, शिवणकाम करणाऱ्या चाचीच ओढणी सारखी करत आल्या. "आमी कुंकू लावत न्हाय, आमाला तरी कोण देतंय टोकन? चल गं, दोघी बिनटोकनाच्या जाऊ."

चाचींचं लवकर आटोपलं. काकूला मात्र बाईंनी दोनदा तपासलं, मशीनवर घेतलं आणि चिठ्ठी लिहिली: सुई घालून तपासणी, बारामतीला, याच आठवड्यात. हे त्यांनी तिला मराठीत, सावकाश, हात धरून सांगितलं.

परत येताना ती म्हणाली, "मामीनं बघितलं का गं आपल्याला?"

एवढं सगळं ऐकून तिला हाच प्रश्न पडला होता.

"बुधवारी जायचं," मी म्हटलं.

"बुधवारी आपल्या उसाला टोळी येणार हाय."

"टोळी ऊस तोडेल! तुझं तिथं काय काम आहे?" माझा आवाज एवढा चढला की रस्त्यावरचा एक जण वळून बघायला लागला. यावेळी मी खाली बघितलं नाही.

काकूनं चिठ्ठीची घडी घालून ती ब्लाउजमध्ये खोचली, उजव्या बाजूला.

"मग सातच्या येष्टीनं जाऊ," ती म्हणाली. "आठच्या गाडीला समदी वळखीची आस्त्यात."